वस्तू सापडली नाही

मोतीबाईनं मान वळवली, श्यामकांतच्या चेहऱ्यावर नजर आणली, क्षणभर थांबली आणि पुढं निघून गेली. एवढंच झालं. पण त्याच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. मोतीबाई म्हणजे कुणी बाई नव्हे. बॅटरीवर चालणारी कमरेएवढी गाडी, तिच्यावर लोखंडी दांडा आणि दांड्यावर डावी-उजवीकडं फिरणारा कॅमेरा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये ती आपली आपण फिरून वस्तू शोधायला शिकत होती, आणि तिला शिकवणारा श्यामकांत होता. फायलीत तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मोतीबाई हे बारसं जयदेव फिटरनं केलं. जयदेव शेजारच्या मोरिवलीचा. त्याच्या लहानपणी गावात मोतीबाई नावाची म्हातारी होती, तिची शेळी हरवली होती, आणि ती अशीच मान फिरवत आळीआळीतून हिंडायची. "शेळी कवाच मेलेली साहेब," जयदेव सांगायचा, "लोकांनी खाल्ली पन. म्हातारीला सांगनार कोन?" यावर शेडमधले सगळे हसायचे, श्यामकांतही हसायचा. आज सोमवारी सकाळी तिची काचेची नजर आपल्यावरून गेली तेव्हा त्याला वाटलं, माणसाची नजर थांबते तेव्हा तिच्यात निदान 'कोण हा' एवढं तरी उमटतं. हिच्यात काहीच उमटलं नव्हतं. तसं काही उमटू नये अशी व्यवस्था त्यानंच केली होती, आणि या कामाच्या चार वर्षांत या गोष्टीची भीती त्याला आजच वाटत होती.

लोकांना वाटतं शोधणं म्हणजे बघणं. श्यामकांत पाहुण्यांना नेहमी ऐकवायचा, शोधणं म्हणजे न बघणं. शेडमध्ये बघण्यासारखं इतकं असतं की सगळं बघत बसली तर मोतीबाई कोपऱ्यातच गंजून जाईल. एकेका चित्राचा हिशेब करताना टेबलावरच्या कॉम्प्युटरला घाम फुटायचा, तोवर पोरं बाहेर जाऊन विडी ओढून यायची. म्हणून चित्र आधी पुसट करायचं आणि त्यात फक्त रंग बघायचा. शोधायची होती ती हत्यारांची पिवळी पेटी. शेडमधली पिंपं निळी, फडताळं हिरवी, दुसरं पिवळं काही नाही. तेव्हा जिथं पिवळा डाग नाही तिथं काही नाहीच असं समजायचं. डाग दिसला तर जवळ जायचं, मग कडा तपासायच्या, मग आकार. रंगानं भागत नसेल तर वस्तूचा शेजार शोधायचा. पाना हवा तर आधी टेबल शोध, कारण टेबल मोठं असतं आणि पाना त्याच्यावर असतो. पेटी कधी छताला लोंबत नाही, म्हणून वर बघायचं नाही. माणसं हलतात, आडवी येतात, त्यांना वळसा घालायचा; ती कोण आहेत हा प्रश्न गाडीचा नव्हे. सगळं कसं स्वच्छ होतं. फेरी संपूनही पेटी मिळाली नाही की पडद्यावर इंग्रजीत उमटायचं, वस्तू सापडली नाही. त्या वाक्यात कुठं कुणाची चूक नसायची, हे श्यामकांतला फार आवडायचं.

असल्या स्वच्छपणाची भूक त्याला अण्णांनी लावली होती, तीही त्यांच्या नकळत. अण्णा, त्याचे वडील, उल्हासनगरला कारकून होते आणि दिवाळीच्या आधी त्याला तिथल्या कापडबाजारात घेऊन जायचे. एकदा एका सिंध्याच्या दुकानात तो ताग्यांच्या गठ्ठ्यांमागं जाऊन बसला होता, लपायचं म्हणूनच. अण्णा बाहेर हाका मारत फिरले नाहीत. ते आत आले आणि गठ्ठ्यांच्या फटीतून सरळ हात घालून त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला. दुकानदार चकित झाला. "कैसे पहचाना साईं? सिर्फ पाँव दिख रहा था." अण्णा म्हणाले, "मेरा है ना." घरी येताना श्यामकांतनं पुन्हापुन्हा विचारलं, मी कसा सापडलो, कशावरून ओळखलंत, पायावरून की चपलेवरून. अण्णांना या छळाचा कंटाळा आला. "बापाला कळतं," ते म्हणाले आणि विषय संपवला. हे काय उत्तर झालं? यात आधी काय, मग काय, कुठून सुरुवात, काही नाही. पुढं इंजिनिअर झाल्यावर त्याला वाटायचं, आपण आयुष्यभर या एका वाक्याचा राग काढतोय. अण्णा गेले तेव्हाही त्यांच्या पायाशी बसून त्याच्या मनात हाच प्रश्न आला होता, आणि त्याची त्याला लाज वाटली होती.

शेडमधलं तंत्र बदलापुरात, कात्रपच्या त्याच्या दोन खोल्यांत कधी शिरलं ते कळलंच नाही. दाराला आतून एक खिळा, त्यावर त्याची डब्याची पिशवी. किल्ल्यांना लाल दोरा, कात्रीला निळा. उमा, त्याची बायको, आधी हसायची, मग वैतागायची, मग तिनं सोडून दिलं. पण लेकीच्या, चिमीच्या फ्रॉकवरून मात्र तिची-त्याची चांगलीच जुंपली. गेल्या महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत चिमीचा हात सुटला होता, जेमतेम बांगड्यांच्या एका गाडीपुरता. लगेच सापडली. पण त्या गाडीपलीकडं एकाच उंचीची कितीतरी पोरं दिसली होती, आणि ते दृश्य श्यामकांतच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्याच रविवारी त्यानं उल्हासनगरहून हळदीसारखा पिवळाधमक फ्रॉक आणला आणि नियम केला, घराबाहेर गर्दीत जाताना चिमीला पिवळं घालायचं. उमा म्हणाली, "अहो, ती तुमची पेटी नाहीये. आणि गर्दीत दुसरं कुणी पिवळं नेसलं तर?" तो म्हणाला, "शक्यता कमी आहे." चिमीला फ्रॉक आवडला होता. ती सहा वर्षांची होती आणि बाबांनी स्वतः आणलेली ती तिची पहिलीच वस्तू होती.

आणि काल बारवी धरणावर कंपनीच्या सहलीत पिवळा फ्रॉक पहिल्यांदा कामी आला. जेवणं झाली, बायका पानं उचलायला लागल्या आणि उमा म्हणाली, चिमी दिसत नाही. श्यामकांत घाबरला नाही, हे आता आठवून त्याच्या अंगावर शहारा येत होता. त्याच्या मनात चक्क पहिल्यांदा आलं, बरं झालं पिवळा घातलाय. उमाला त्यानं बसकडं पाठवलं आणि आपण पाण्याकडं उतरला. डोळे बारीक केले, म्हणजे सगळं पुसट होतं. तपकिरी गवत, राखाडी दगड, आणि खाली पाण्याच्या कडेला पिवळा डाग. तो धावला. जवळ गेल्यावर कडा दिसल्या, मग आकार दिसला, बाह्या दिसल्या. झुडपावर फ्रॉक पसरून ठेवला होता, ओला, आणि त्यात कुणी नव्हतं. पलीकडं पाणी होतं. त्या पाण्यावर काहीसुद्धा हलत नव्हतं. त्या क्षणी त्याला जे झालं त्याला भीती म्हणणं कमी पडेल. तो मटकन खाली बसला, आणि बसल्या जागी त्याला त्या निश्चल पाण्याचा इतका संताप आला की त्यानं त्याच्यावर मूठभर माती फेकली.

मग त्याला पोरी दिसल्या. थोड्या वरच्या अंगाला पाड्यावरच्या चार-पाच पोरी लाकडाच्या मोळीपाशी बसल्या होत्या, उन्हासाठी डोक्यावरून लुगड्याचे तुकडे घेतलेल्या. तो धापा टाकत त्यांच्यासमोर उभा राहिला. "ए पोरींनो, इथं एक मुलगी पाहिलीत का? शहरातली, पिवळ्या फ्रॉकमधली?" एक पोरगी तोंडावर हात धरून खुदकन हसली. तिच्या शेजारी हिरव्या फाटक्या लुगड्यात गुंडाळून बसलेली जी होती, तिनं वर बघितलं. श्यामकांतनं तिच्याकडं बघितलं, नीट समोरासमोर, आणि हात हलवून तिलाच पुन्हा विचारलं, "तू पाहिलीस का गं?" ती म्हणाली, "नाही." तो वळला आणि काठाकाठानं चिमीच्या नावानं ओरडत लांब पळत गेला.

परत आला तेव्हा उमा त्या मोळीपाशी बसली होती, चिमीला कुशीत घट्ट धरून, रडत आणि हसत. हिरवं लुगडं चिमीच्या खांद्यावरून घसरलं होतं. मोळीवाली बाई, काशी तिचं नाव, ती आता वरून आणखी लाकूडफाटा घेऊन आली होती आणि सांगत होती, "पोर पान्यात घसरली व्हती बाय. फराक भिजला, म्हनून मी झुरपावर वाल्लत टाकला न माजा जुना लुगरा गुंडाललाय. पोरींना सांगितला, हितंच बसा." उमानं वर बघितलं. "लांबूनच दिसली मला. अशी मान वाकडी करून दुसरं कोण बसतं? तुम्ही इकडूनच गेलात ना? तुम्हाला दिसली नाही?" श्यामकांतच्या तोंडून उत्तर इतक्या लगेच बाहेर पडलं की ते आधीपासून तयार असावं. "मी वरच्या वाटेनं गेलो. इकडं आलोच नाही." ती मघाची पोरगी पुन्हा हसली. चिमी हसली नाही. ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत त्याच्याकडं बघत होती, आणि तिनं आईला काहीही सांगितलं नाही.

तेव्हापासून तो एकाच ठिकाणी घोटाळत होता. तिनं नाही का म्हटलं? फ्रॉक भिजवला म्हणून मार बसेल, या भीतीनं? मार तर त्यानं कधी दिला नव्हता. मग गंमत म्हणून? आणि तिच्या डोळ्यांत, आत्ता आठवत होतं, आधी गंमतच होती. आता बाबा ओळखतील, आता म्हणतील चोर सापडला. आणि तो ओळखत नाहीये, हे तिला कळलं त्या क्षणी ती गंमत विझली. तो 'नाही'सुद्धा किती स्वच्छ होता, शाळेत शिकवलेला, कात्रपच्या घरातला. पाड्यावरची पोर असं म्हणाली नसती. डोळ्यांनी सोडलं ते कानानंही सोडलं, आणि लुगड्याखालचा तिचा चेहरा पूर्ण उघडा होता. बाबा परक्या पोरीकडं कसे बघतात ते तिनं काल बघितलं, ते परकं पोर आपणच असताना. आणि वर त्यांचं खोटं ऐकून पोटात ठेवलं. सहा वर्षांच्या पोरीनं ते पोटात का ठेवावं? तिनं आरडाओरडा केला असता, रुसली असती, तर त्यानं तिला उचलून घेतलं असतं. चिमी हातात आहे की कालच कुठंतरी सुटली, हेच त्याला कळेना झालं होतं.

आज सकाळी ती शाळेच्या निळ्या गणवेशात दूध पीत होती, आणि पेल्याच्या काठावरून तिची नजर त्याच्यावर होती. मग तिनं विचारलं, "बाबा, तुमची मोतीबाई मला ओळखेल?" त्याला इतकं हायसं वाटलं की तो भराभर बोलायला लागला. "ओळखेल की. पण तिला आधी सांगावं लागतं, काय शोधायचं ते." "आणि नाही सांगितलं तर?" "मग ती कुणालाच ओळखत नाही. नुसती बघते." चिमीनं ओठांवरचं दूध पुसलं. "आणि सांगायच्या आधीच तिनं मला बघितलं असेल तर?" "ते धरायचं नाही," श्यामकांत म्हणाला. "सांगितल्यावर पहिल्यापासून सुरुवात." चिमी "हं" म्हणाली आणि पेला खाली ठेवून दप्तर शोधायला गेली. दप्तराला लाल फीत होती, ते लगेच सापडलं.

दुपारी व्यवस्थापक हेमचंद्र शेडमध्ये आले. पुण्याहून मंडळी येणार होती, त्याआधी त्यांना सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. जयदेवनं पिवळी पेटी आणून ठेवली ती नेमकी मोतीबाईच्या पुढ्यात, सोपं जावं म्हणून. कॅमेऱ्यासमोर पेटी, पडद्यावर पेटी, कुणीही बोट दाखवावं. श्यामकांतनं हुकूम टाइप केला. मोतीबाईची मान पेटीवरून उठली, डाव्या कोपऱ्यापाशी गेली आणि तिथून तिनं नेमानं शोधायला सुरुवात केली. पिंपांना वळसा घातला, फडताळांपुढून गेली, जयदेवच्या पायांपुढून गेली. हेमचंद्र घड्याळ बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "काखेत कळसा न गावाला वळसा," आणि हशा झाला. जयदेवला राहवलं नाही. "आगं म्हातारे, समोरच तर व्हती!" सगळी शेड फिरून शेवटी ती पेटीपाशी आली, थांबली आणि शिट्टी वाजली. "सापडली ना," हेमचंद्र म्हणाले, "झालं मग. पण श्यामकांत, आधी समोरचं बघायला शिकवा तिला. लोक हसतील." श्यामकांतनं मान डोलावली. समोर पेटी आहे हे तिला आधी कळणार कसं, शोधायचं ठरल्याशिवाय समोर काय असतं, हे त्यांना सांगायला तो तोंड उघडणार होता, पण त्याऐवजी त्यानं वाकून मोतीबाईची बॅटरी बंद केली.

बदलापूरला उतरून कात्रपपर्यंत चालताना त्यानं ठरवलं, आज सांगून टाकायचं. उमासमोरच सांगायचं, की मी तिथूनच गेलो, हिलाच विचारलं, मला ओळखता आलं नाही. चिमीला मांडीवर घेऊन सांगायचं. रस्त्यावर पोरं खेळत होती, शिकवणीला निघाली होती. आज त्याला पिवळं काही दिसत नव्हतं. आज डोळा जिथं तिथं हिरव्यावर जात होता. भाजीवाल्याचं गोणपाट हिरवं, रिक्षाचा पडदा हिरवा, एका पोरीची रिबन हिरवी. जिना चढून त्यानं कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या, रोजच्यासारख्या. दार उघडलं. त्यानं न बघता पिशवी वर धरली, ती घेतली गेली. आतून, स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजावरून उमा ओरडली, "आलात का? चिमी लपलीय म्हणे. तुम्हालाच शोधायचंय. जेवायच्या आत सापडवा बाई तिला!"

श्यामकांतला इतका आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळ मांडला होता तिनं, म्हणजे राग नव्हता. "चिमी कुठं गेली बरं?" असं मोठ्यानं म्हणत तो आत शिरला. दारामागं नव्हती. पलंगाखाली नव्हती, तिथं फक्त ट्रंका होत्या. पाण्याच्या पिंपामागं बघितलं, कपाट उघडलं. उमा पाठमोरी पोळ्या लाटत होती, तिनं वळूनही बघितलं नाही. मागच्या गॅलरीत दोरीवर पिवळा फ्रॉक धुऊन टाकलेला होता, आणि वारा नव्हता. तो त्याच्यापुढं जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. पिवळं कशाला बघायचं? पोरगी हुशार आहे, कालचंच करणार. हिरवं बघ. बाहेरच्या सामायिक व्हरांड्यात शेजारच्या वृंदाताईंच्या दाराशी भातुकली मांडून तिघी-चौघी बसल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनं डोक्यावरून हिरवी ओढणी घेऊन पदर पुढं ओढला होता. काल काय चुकलं ते आज चुकायचं नाही. तो चवड्यांवर गेला, तिला मागून दोन्ही हातांनी उचललं आणि हर्षानं ओरडला, "सापडलीस!"

पोर किंचाळली. ओढणी खाली पडली. वृंदाताईंची कुंदा होती, घाबरून पाय झाडत होती. त्यानं तिला खाली ठेवलं, सॉरी सॉरी म्हणाला. कुंदा रडवेली होऊन त्याच्याकडं बघत राहिली आणि मग त्याच्या मागं बोट दाखवून म्हणाली, "काका, असं काय करताय? ती केव्हाची तुमच्या मागंमागंच फिरतेय की."

श्यामकांत वळला. उंबऱ्याच्या आत, दाराचा खिळा रिकामा होता. खिळ्याखाली चिमी उभी होती. सकाळचाच निळा गणवेश, सकाळच्याच दोन वेण्या, डोक्यावर काही नाही, अंगावर काही गुंडाळलेलं नाही, मान थोडी वाकडी. दोन्ही हातांत त्याची डब्याची पिशवी होती.

"दार मीच उघडलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, रुसव्याचा नव्हता. उत्तर बरोबर आलं की नाही एवढंच विचारावं तसा होता. "पण ते धरायचं नाही ना, बाबा?"

त्याला तिच्याजवळ जायचं होतं. चार पावलांवर होती. तेवढ्यात तिनं पिशवी खिळ्याला अडकवली, हात झटकले आणि खेळ संपला नसल्यासारखी म्हणाली, "आता परत. डोळे मिटा."

श्यामकांतला डोळे मिटायची हिंमत होईना.